काकांनी दाखवलेली चूक

ऑफिसात तिला सगळे थोरली म्हणत. चार बहिणींत ती मोठी. धाकटी एकदा ऑफिसात येऊन तिला तशी हाक मारून गेली आणि ते नाव तिथेही चिकटलं. स्वभावाला ते शोभायचंही. कुणाचं काही अडलं की ही बाह्या सरसावून हजर.

तिची कंपनी हॉस्पिटलांचे सर्व्हर सांभाळायची. कुठल्या मशीनवर काय असावं ते फाइलींत लिहून ठेवायचं. मग एक टूल त्या फाइली वाचून शेकडो मशीनं तशी करून टाकायचं. बहुतेक फाइली थोरलीच्याच हातच्या. पण जुनी मशीनं हट्टी. टूल अर्ध्यावर अडकलं की उरलेलं काम काका हाताने पुरं करत. काका म्हणजे शेजारच्या टेबलावरचे. थोरली नोकरीला लागली तेव्हा तिला काम त्यांनीच शिकवलं होतं, आणि रिटायर व्हायला त्यांना अजून बरीच वर्षं होती.

मग बातमी आली, की टूलच्या जुन्या व्हर्जनला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. साहेबांनी नव्या व्हर्जनवर जायचं काम थोरलीच्या गळ्यात टाकलं.

"नवं फार हुशार आहे म्हणे," साहेब म्हणाले. "अडकलं तर आपलं आपणच मार्ग काढतं. हाताने काही करायला नको."

मग काकांनी काय करायचं, हे अगदी थोरलीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच धास्ती वाटली.

त्यानंतर दोघं रोज खुर्च्या जवळ ओढून बसू लागले. नव्या व्हर्जनला जुनं लिखाण उमजत नव्हतं. एकेक फाइल नव्याने लिहावी लागे. कुठलं मशीन कशाने रुसतं ते काका सांगत, थोरली ते फाइलीत उतरवी.

"हे म्हातारं माझ्यासारखंच," एका मशीनबद्दल ते म्हणाले. "उठल्या उठल्या त्याच्याशी बोलायचं नाही. चिडतं."

थोरली खळखळून हसली. पण काका स्क्रीनकडेच बघत राहिले.

अपग्रेडच्या आदल्या दुपारी सगळी तयारी झाली होती. चाचणीही सुरळीत पार पडली होती. थोरली जरा पाय लांब करून बसली, तोच काका टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बॅकअपची फाइल उघड. राखीव प्रती किती दिवस ठेवायच्या, त्याची ही ओळ बघ, हिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. रिकामी जागा दिसली की जुनं व्हर्जन ती ओळ सोडून पुढे जायचं. नवं सोडत नाही. रिकामं म्हणजे काहीच ठेवायचं नाही, असं समजतं. सगळे बॅकअप पुसून टाकील."

"पण चाचणीत तर..."

"चाचणीच्या मशीनवर बॅकअप होतेच कुठे?"

ओळ थोरलीनेच लिहिलेली होती.

"काका, तुम्ही नसतात तर..."

"आधी दुरुस्त कर," म्हणून ते वळलेच.

दुसऱ्या दिवशी अपग्रेड झालं. एकाही हॉस्पिटलातून तक्रारीचा फोन आला नाही. साहेबांनी सगळ्यांदेखत थोरलीची पाठ थोपटली. संध्याकाळी ती जागेवर परतली, तर काका टेबलाचा खण रिकामा करत होते. चष्म्याचं घर, एक मफलर, गोळ्यांची पट्टी.

"हे काय, काका?"

"उद्यापासून यायचं नाही. नवं व्हर्जन बसलं की माझी जागा बंद. साहेबांनी मागेच सांगून ठेवलं होतं."

"तुम्हाला ठाऊक होतं? आणि तरी मला ती चूक दाखवलीत?"

काका खुर्चीच्या कडेवर टेकले. "चार-पाच दिवस गप्प बसलो होतो. म्हटलं, होऊ दे घोटाळा, झक मारत जुनंच परत आणतील. मग झोप लागेना. कुणाकुणाचे रिपोर्ट असतात त्यात." त्यांनी मफलरची घडी केली, मोडली. "पण खरं सांगू? आज सकाळपासून वाटतंय, गप्प राहायला हवं होतं."

थोरलीने शेजारची खुर्ची ओढली. "तुमच्या जागेची शंका मलाही आली होती. पहिल्याच दिवशी. मी विचारलंच नाही."

"माहीत आहे. तुझा चेहरा कुठे काय लपवतो?" ते उठले. "विचारून तरी काय झालं असतं म्हणा."

ती तडक साहेबांकडे गेली. काकांना दुसरं काहीतरी काम द्या, म्हणाली. साहेब खिडकीबाहेर बघत होते. "काम असतं तर दिलं नसतं का?" ते म्हणाले. "तुम्ही इतकं चोख केलंत, की काही उरलंच नाही." टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच कौतुक करायचं होतं.

थोरली अधूनमधून काकांना फोन करायची. सुरुवातीला ते दोन शब्द बोलायचे. पुढे काकूच फोन घेऊ लागल्या.

"झोपलेत गं ते," एकदा काकू म्हणाल्या. भर दुपार होती. इतक्यात मागून काकांचा आवाज आला, "थोरलीच ना? झोपलोय म्हणून सांग."

काकू ओशाळून काहीतरी पुटपुटल्या.

"असू दे, काकू," थोरली म्हणाली. "उठवू नका त्यांना."