आधी चिंधी बघावी

बंदुकीचा बार झाला की सगळे निशाणाकडे बघतात. आमचे काका गवतात बघायचे. धूर विरला, मैदानात उतरायची परवानगी मिळाली, की बाकीचे सभासद लगबगीने कागदी निशाणांकडे निघत आणि हे कमरेवर एक हात ठेवून, वाकून, पायाशी काहीतरी शोधत फिरत. काही हरवलंय का, असं मी पहिल्या दिवशी विचारलंसुद्धा. त्यांनी कापडाचा एक काळवंडलेला गोल तुकडा उचलून माझ्या नाकासमोर धरला.

"निशाण कुठे पळून जातंय? आधी चिंधी बघावी."

काका माझे सख्खे कोणी नव्हेत. जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मी ज्या मोटारींच्या कारखान्यात सॉफ्टवेअर लिहितो, तिथेच ते इंजिनांच्या चाचण्या घ्यायचे. जन्म गाड्यांमध्ये गेला, पण स्वतःकडे गाडी नव्हती. "दिवसभर तीच बघतो, घरी कशाला?" असं त्यांचं म्हणणं. मात्र बंदुकीची दारू घेऊन बसमध्ये चढता येत नाही. म्हणून दर शनिवारी त्यांचा सारथी मी. बायको म्हणायची, तुम्हाला भाजी आणायला सांगितलं की पाठ दुखते, आणि काकांनी हाक मारली की बूट आधी पायात.

आता तुम्ही म्हणाल, काकांसारखा पुण्याचा शाकाहारी माणूस, घरात शिरलेली माशीसुद्धा ग्लासात धरून गॅलरीतून सोडणारा, तो बंदुकीच्या नादी कसा लागला? त्याला कारण हेर्मान. काका नवीन आले तेव्हा हेर्मान त्यांच्याच विभागात होता. हा सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटा बसून असतो हे कळल्यावर त्याने एका शनिवारी काकांना उचललं आणि गावाबाहेरच्या आपल्या नेमबाजांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, नेऊन बसवलं. तिथे सगळ्यांच्या हातात ठासणीच्या बंदुका. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तोंडावर कापडाचा तुकडा ठेवायचा, त्यावर शिशाची गोळी, आणि मग गजाने ठासत दोन्ही तळाशी न्यायचं. बाराबरोबर कापड उडून गवतात पडतं, आणि ते फाटलं किंवा जळलं असेल तर भरण्यात काहीतरी चुकलं समजायचं. एका बाराला चहा निवेल एवढा वेळ. काकांना हे फार आवडलं. "यात घाई करणाऱ्याला काही मिळत नाही," ते म्हणायचे. शिवाय असल्या बंदुकीने इथे खरी शिकार करता येत नाही, मरतो तो कागद. त्यामुळे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीलाही रजा टाकावी लागली नाही.

अडचण आली ती चरबीची. कापड नळीतून सुरळीत उतरावं म्हणून त्याला चरबी लावतात, आणि फेराइनमधल्या डब्यात होती गाईची. काकांनी डबा हातातसुद्धा घेतला नाही. "अरे, एवढ्यावरून आमच्याकडे सत्तावन साली केवढं रामायण झालं!" त्यांनी घरून साजूक तूप आणलं, त्यात मधमाश्यांचं मेण वितळवलं, आणि ते मलम वापरायला सुरुवात केली. पहिल्या बाराला मैदानभर बेसन भाजल्यासारखा वास सुटला. हेर्मानने डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाला, "आल्झो, ऐका, आज पहिल्यांदा बंदुकीने भूक लागली." पुढे निम्म्या फेराइनने तूप मागून नेलं. काकू वैतागायच्या. "अहो, मी लोणी कढवते ते तुमच्या पोळीसाठी की त्यांच्या बंदुकांसाठी?"

हे सगळं मजेचं. पण मला काका आठवतात ते हेर्मानबरोबरच्या त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातले, जेव्हा ते पार उतरून गेले होते.

हेर्मान ऐंशीच्या घरात गेला होता. डोळे अधू झाले होते, बायको वारली होती, आणि मुलीने त्याला आपल्याजवळ, बाड हॉम्बुर्गच्या एका वृद्धाश्रमात, न्यायचं ठरवलं होतं. जाण्याआधी शरद ऋतूत फेराइनमध्ये निरोपाचा बार व्हायचा होता. त्यासाठी हेर्मानने भिंतीवरची एक बंदूक उतरवून काकांच्या हातात दिली. त्याचे आजोबा जंगलखात्यात होते, त्यांची ती शिकारीची बंदूक. वर्षानुवर्षं तिला कोणी हात लावला नव्हता. "हिला नीट कर. निरोपाचा बार हिनेच," एवढंच तो म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला.

काकांना आभाळ ठेंगणं झालं. आणि मग त्यांच्यातल्या इंजिनिअरने जे करू नये ते केलं. गोळी कुठली घ्यायची? दुकानात दोन जाती. एक जुनी, गोटीसारखी गोल. दुसरी लांबट, टोकदार, जड, दूरवर जोर टिकवणारी. काकांनी आकडेमोड केली आणि लांबट घेतली. ती नळीत उतरेना, तर लाकडी हातोडीने ठोकून उतरवली. त्यांच्या घाई न करण्याच्या साऱ्या उपदेशाला मी त्या दिवशी हातोडीच्या तालावर निरोप दिला.

पहिला बार निशाणाच्या बाहेर. दुसरा कोपऱ्यात. तिसऱ्याने कागदाला जे भोक पडलं ते गोल नव्हतंच, लांबट फट होती. गोळी हवेत कोलांट्या खात आडवी जाऊन आदळली होती. काका त्या फटीकडे बघत राहिले. त्या दिवशी ते गवतात वाकलेच नाहीत, कारण लांबट गोळीला कापड लागत नाही.

"नळी गेली रे," परतताना गाडीत ते हळूच म्हणाले. "हातोडी मारताना आतले आटे खराब झाले. त्याच्या आजोबांची बंदूक होती. माझ्या हातून गेली."

नळीच्या आत स्क्रूसारखे आटे असतात, त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. ते बिघडले तर बंदूक भिंतीवर टांगायच्या लायकीची. मी म्हटलं, काका, हेर्मानला सांगून टाका. या माणसाने परक्या देशात त्यांचं बोट धरलं होतं, आणि त्याने जाताना दिलेली एकुलती एक वस्तू यांनी मोडली होती. कोणत्या तोंडाने सांगणार? त्या आठवड्यात हेर्मानचा फोन आला की काका काकूंना खूण करत, मी घरी नाही म्हणून सांग. खोटं बोलणं काकूंना जमत नसे. त्या म्हणायच्या, "ते घरी नाहीत असं म्हणताहेत."

शेवटी काकूंनीच तोंड उघडलं. मी चहाला गेलो होतो. काका बंदूक मांडीवर घेऊन आजारी मुलाजवळ बसावं तसे बसले होते.

"अहो, त्या आजोबांच्या काळी काय घालत होते हिच्यात?"

"गोल गोळी असणार. जुनी पद्धत."

"मग तीच घाला की. सासूबाईंच्या पितळी स्टोव्हला तुम्ही कधी पेट्रोल घातलंत का?"

काकांनी बंदूक टेबलावर ठेवली. मग उठले, गजाच्या टोकाला घट्ट कापड गुंडाळलं, गजावर माझ्या मुलीच्या खडूने एक रेघ मारली आणि गज नळीत हळूहळू ढकलू लागले. आटे कापडाला धरतात आणि गज फिरवतात. खडूची रेघ संथपणे वळत गेली. कुठे अडली नाही, कुठे उडी मारली नाही. गज तळाला टेकला तेव्हा अर्धा फेरासुद्धा झाला नव्हता.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काका ओरडले. आनंद झाला की त्यांचं जर्मन बाहेर यायचं. "नळी शाबूत आहे रे! आट्यांचं वळण सावकाश आहे. लांबट गोळीला भरभर फिरवावं लागतं, नाहीतर ती कोलमडते. गोल गोळीला एवढं पुरतं. बंदूक ओरडून सांगत होती, आणि मी गाढव पुस्तकाला विचारत बसलो."

मग कापडाची शोधाशोध सुरू झाली. सोलापुरी चादरीचा तुकडा इतका जाड की गोळी नळीच्या तोंडातच बसून राहिली. काकांच्या जुन्या झब्ब्याचा तुकडा उतरला छान, पण बारानंतर गवतात सापडला तो वितळून गोळा झालेला. सुती म्हणून घेतलेला तो झब्बा निम्मा नायलॉनचा निघाला. "बघ, चिंधी खोटं बोलत नाही," काका म्हणाले, आणि झब्बा विकणाऱ्या दुकानदाराला तिथूनच चार शब्द पुण्याचे ऐकवले. तिसऱ्या शनिवारी काकूंनी कपाटातून त्यांच्या आईचं जांभळं सुती पातळ काढलं. घट्ट विणीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. काका नको नको म्हणत होते. काकूंनी स्वतःच्या हाताने कात्री चालवली आणि म्हणाल्या, "आईला कोणाच्या तरी उपयोगी पडल्याचंच सुख होतं."

त्या दुपारी काका वाकले ते उठताना हसतच उठले. जांभळा तुकडा आख्खा होता. कडा शाबूत, मधोमध गोळीच्या आकाराचं काळं वर्तुळ. निशाणाकडे त्यांनी मलाच पाठवलं. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून पडली होती.

निरोपाच्या दिवशी हेर्मान मुलीचा हात धरून आला. त्याला टेबलाशी बसवलं. बंदूक काकांनी भरली, गज तळाशी टेकेपर्यंत दोनदा दाबून पाहिला. निशाण हेर्मानला धूसर दिसत असणार. तरी त्याने खांद्याला बंदूक लावली तशी त्याची मान, पाठ, सगळं जागच्या जागी आलं. बार झाला. तुपाचा वास सुटला. सगळे दुर्बिणीकडे धावले, आणि काका गवताकडे.

त्यांनी तुकडा आणून हेर्मानच्या तळहातावर ठेवला. हेर्मानने अंगठ्याने कड चाचपली, सगळीकडून. मग मधलं वर्तुळ.

"फाटली नाही," तो म्हणाला.

दुर्बिणीजवळून कोणीतरी ओरडलं की निशाणावरच्या काळ्या गोलाच्या आत लागलीय. आणि इथे काकांचा बांध फुटला. भर फेराइनसमोर त्यांनी हातोडीपासून सगळं सांगून टाकलं. हेर्मान ऐकत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय हे मला कळेना.

"अरे वेड्या," तो म्हणाला, "तरुणपणी मीही हिच्यात लांबटच गोळी घातली होती. तीही आडवीच गेली. मला वाटलं, बंदूकच टाकाऊ, आणि आजोबांच्या हरणांच्या शिकारीच्या गोष्टी सगळ्या थापा. लाज वाटून भिंतीवर टांगली. जन्मभर त्यांना थापाड्या समजत आलो." तो तुकडा त्याने मुठीत घट्ट धरला. "म्हातारा खरं बोलत होता."

दोघं म्हातारे एकमेकांना धरून उभे होते. काकू डोळे पुसत होत्या. मला इतकं हलकं वाटलं की मी, ज्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, टाळ्या वाजवायला लागलो.

हेर्मान पुढचा हिवाळा संपताना गेला. त्याची मुलगी सांगत होती, शेवटपर्यंत आश्रमातल्या नर्सना तो आजोबांच्या हरणांच्या गोष्टी सांगायचा, आणि त्यातलं एकेक हरीण दर आठवड्याला मोठं होत जायचं. काका-काकू निवृत्तीनंतर पुण्याला परतले. फोनवर काका म्हणतात, इथे तूप उत्तम मिळतं, बंदूक नाही. माझी मुलगी शाळेतून तोंड पाडून आली की मी मार्क विचारत नाही, आधी डबा उघडून बघतो, खाल्लाय का. ती जर्मनमध्ये म्हणते, बाबा, हे काय? मी तिला सांगतो, हे काकांचं आहे.

परवा सहज म्हणून फेराइनमध्ये गेलो. बार झाले, सगळे निशाणांकडे निघाले आणि मी नकळत वाकलो. गवतात बऱ्याच चिंध्या पडल्या होत्या, दुकानातून आणलेल्या, पांढऱ्या. मी बराच वेळ शोधलं. जांभळी एकही नव्हती.