न धुतलेली शाल

तिला सगळे वाटेची मावशी म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव असणारच की, पण कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तान्हं पोर घेऊन लांबच्या गावी जायचं म्हटलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते. अशा घरांतून तिला बोलावणं यायचं. पोर सांभाळायला नाही हं, फक्त वाटेपुरतं. इथल्या दारातून उचलायचं, तिथल्या दारात उतरवायचं, आणि आल्या पावली परत.

रडकं पोर तिच्याजवळ गप्प कसं व्हायचं? जादूबिदू काही नव्हती, युक्ती होती. निघायच्या आदल्या दिवशी ती पोराच्या आईला सांगायची, "बाई, तुमच्या अंगावरचं एक कापड द्या. ओढणी द्या, शाल द्या, घरातला झगा द्या. पण धुतलेलं नको. धुतलेलं घेऊन मी काय फरशी पुसू?" ते कापड ती स्वतःभोवती घट्ट गुंडाळायची आणि पोराला त्यात घ्यायची. एवढ्याशा जिवाला डोळे मिटले की नाक तेवढं उरतं. नाकाला आईचा वास आला की त्याच्या लेखी आईच. मग ते गाडीच्या गचक्यात डुलत डुलत झोपायचं, आणि आईबाप समोरच्या बाकावर तोंडं उघडी टाकून.

पोचल्यावर मावशी कापड सोडायची, घडी घालून आईच्या हातात द्यायची. पोर आईकडे जायचं आणि हिच्याकडे वळूनसुद्धा बघायचं नाही. कशाला बघेल? त्याला ठाऊकच नव्हतं ना, ही कोणी बाई मध्ये होती ते.

आता तिच्या घरचं ऐक. नवरा होता तो असून नसल्यासारखा, आणि पुढे नसलाच. पदरात एक लेक. लेक जेमतेम बसायला लागली आणि ही वाटेला लागली. पोरीला ठेवायचं कुठे? तर थोरली जाऊ होती, तिला मूलबाळ नव्हतं. पहिल्याच खेपेला पोरीनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं. जाऊ म्हणाली, "अगं, तू जगाची पोरं गप्प करतेस, आणि हिचा भोंगा माझ्या कानाशी लावून गेलीस!"

तेव्हा मावशीनं आपलीच युक्ती आपल्याच घरात वापरली. अंगावरची निळी शाल काढून जावेच्या खांद्यावर टाकली. "जाऊबाई, मी नसताना ही घालत जा."

पोर गप्प झाली. झाली ती झालीच.

जाऊ ती शाल अंगावेगळी करेना. स्वयंपाक करताना शाल, झोपताना शाल. होता होता शालीतला मावशीचा वास उडाला आणि जावेचा लागला. मावशी घरी यायची ती परक्या बायकांच्या वासात बुडून. एकदा आली, दारातूनच हात पसरले. पोरीनं जावेच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"झोप आली असेल गं तिला," जाऊ म्हणाली.

"हो, झोपच असेल," मावशी म्हणाली. पोर तर नुकती उठली होती.

पुढे पोर बोलायला लागली. जावेला मोठी आई आणि हिला नुसती आई. ठेच लागली की तोंडातून मोठीच यायची. मावशीनं शाल परत मागून घेतली, पण बैल गेला आणि झोपा केला. आणि पोट तर वाटेवरच होतं. जायचं थांबवून भागणार होतं थोडंच?

लेक मोठी झाली, लग्न झालं, तिला मुलगी झाली. जावयाला दूरच्या गावी काम लागलं. तो पुढे गेला, घर बघितलं, आणि म्हणाला आता या. मग एका दुपारी लेक मावशीच्या खोलीवर आली. खुर्चीच्या कडेवर टेकली, पाहुणी टेकते तशी.

"आई, बाळाला घेऊन जायचंय. तू लागशील."

झालं! मावशीला आभाळ ठेंगणं. किती दिवस, कशासाठी, काही विचारलं नाही तिनं. विचारलं तर लेक काहीतरी मोजून सांगेल, ही भीती होती मनात. दुसऱ्या दिवसापासून बोलावणं घेऊन येणाऱ्यांना सांगायला लागली, "आता दुसरी कोणी बघा बाई. मी चालले लेकीकडे. नात आहे मला." भांडी शेजारणीला देऊन टाकली. शेजारीण म्हणाली, "अगं, एखादं पातेलं तरी ठेव." ही म्हणते, "कशाला? लेकीच्या घरी काय पातेली नाहीत?"

मायलेकी दुकानात गेल्या सामान घ्यायला. लेकीची नजर एका मोठ्या बाबागाडीवर. वर छत्री, खाली टोपली, राजाच्या रथासारखी. मावशी दुकानदाराला म्हणाली, "पोर कडेवर घेऊन ही मिटवून दाखवा बघू." दुकानदार हसला, "मावशी, पोर जरा दुसऱ्याकडे द्यायचं." "आणि दुसरं कोणी नसलं तर? तुम्ही येता का स्टेशनवर?" मग हलकी, काठीसारखी मिटणारी गाडी घेतली, आणि छातीशी बाळ बांधायची पट्ट्यांची झोळी. दोन दुपटी जास्त, आणि आईसाठीही एक कपडा जास्त, कारण पोर ओकतं ते स्वतःवर कमी आणि आईवर जास्त. लेकीनं कशालाच नाही म्हटलं नाही. "तुझ्या धंद्यातलं आहे आई, तू म्हणशील तसं."

धंदा हा शब्द मावशीला टोचला, पण तिनं तो गिळला.

दुकानदारानं विचारलं, "झोळीचे पट्टे कोणाच्या मापाचे करू?" मावशी वाळक्या काटकीसारखी. ती पुढे झाली. लेक म्हणाली, "मोठेच ठेवा. चांगले सैल." मावशीला वाटलं, बाळंतपणानं अंग सुटलंय बिचारीचं, स्वतःसाठी घेत असेल.

निघायच्या दिवशी मावशी आपली ट्रंक घेऊन स्टेशनवर हजर, अंगावर निळी शाल. तीच, जुनी. बघते तर लेकीशेजारी जाऊ, आणि जावेच्या पायाशीही ट्रंक.

"जाऊबाई, पोचवायला आलात? ट्रंक कसली?"

जाऊ गोंधळली. "अगं, मी राहायलाच चाललेय ना. पोरीनं सांगितलं नाही तुला?" मग तिची नजर मावशीच्या ट्रंकेवर गेली, आणि ती उगाच म्हणाली, "गाडी वेळेवर आहे म्हणे."

गाडी सुटली तशी मावशीनं नातीला आपल्या शालीत घेतलं. पोर किंचाळली. अशी किंचाळली की डबाभर माना वळल्या. मावशीनं उभं धरलं, आडवं धरलं, खुळखुळा वाजवला, खिडकी दाखवली. काही नाही. शेवटी लेकीनं आपल्या खांद्यावरची ओढणी काढून पुढे केली.

"हे घे आई. असंच करतेस ना तू?"

आयुष्यभर तिनं हे कापड दुसऱ्यांकडून मागून घेतलं होतं. न मागता हातात आलं ते लेकीकडून. तिनं शाल काढली, ओढणी गुंडाळली. पोर गप्प झाली, ओढणीत नाक घासत घासत झोपली. जाऊ कौतुकानं म्हणाली, "बघ, तुझ्या हाताला अजून गुण आहे." नात मांडीवर होती, तिचा ऊबदार श्वास पोटाला लागत होता, आणि त्या पोरीच्या लेखी आजी डब्यात नव्हतीच.

नवं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. आतल्या खोलीत बाळाच्या पाळण्याशेजारी एक पलंग, त्यावर नवी चादर. जावेनं ट्रंक नेऊन सरळ त्याच्याखाली सरकवली. लेकीनं पट्ट्यांची झोळी तिच्या अंगावर चढवून बघितली. जाऊ अंगानं भरलेली, पट्टे बरोब्बर बसले.

मावशीनं ओढणी सोडली, घडी घातली आणि लेकीच्या हातात दिली.

"तुझं तिकीट उद्या सकाळचं काढलंय," लेक म्हणाली. "तुझी बोलावणी असतील ना. खोळंबा नको."

"आहेत की," मावशी म्हणाली. "दोन घरं वाट बघतायत." पातेलंसुद्धा देऊन आलेली बाई, पण मान वाकवली नाही.

दिवेलागणीला लेक आणि जाऊ स्वयंपाकघरात होत्या. मावशी पाळण्याशी गेली. निळी शाल नातीच्या अंगाखाली अंथरली, हातानं सारखी केली. महिनाभर ती शाल तिनं धुतली नव्हती, मुद्दाम. वाटलं, आपण नसू, पण पोरीच्या नाकात आपण राहू. चोरी केल्यासारखी मागच्या पावलानं बाहेर आली.

सकाळी उठली तर बाल्कनीतल्या दोरीवर शाल टपटप गळत होती. साबणाचा वास दारापर्यंत. जाऊ चहा घेऊन उभी.

"जाऊबाई, तुम्ही धुतलीत?"

"आईशप्पथ मी नाही गं. मी हात नसता लावला." आणि जाऊ पहिल्यांदाच तिच्याकडे बघेना.

लेक आतून आली. बाळ कडेवर. "मी धुतली."

"मळली होती का?"

"नाही." लेकीनं बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं. "आई, तिला आता इथल्या माणसांचाच वास राहू दे. मला दोन-दोन वास होते. तू आलीस की कोण आलं तेच कळायचं नाही. भीती वाटायची मला तुझी."

मावशीच्या तोंडावर आलं होतं, पोटासाठी गेले गं मी. पण लेकीला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच बोलली ती. मावशीनं दोरीवरून शाल काढली, पिळली, ओलीच ट्रंकेत भरली. नातीच्या गालाला बोट लावलं. नातीनं लेकीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

परतीच्या गाडीत समोर एक कोवळी पोरगी, मांडीवर तान्हं. सामान इतकं की पाय ठेवायला जागा नाही, आणि पोर रडून रडून निळं पडलेलं. सगळा डबा वैतागलेला. ती पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "आजी, जरा घेता का हो याला? तुम्हाला सवय असेल."

तिच्या गळ्यात ओढणी होती, दूध सांडून वाळलेली, चुरगळलेली. मावशीनं ती बघितली. हात नुसता पुढे करायचा होता.

"नाही गं बाई," मावशी म्हणाली. "मला लहान मुलांची सवय नाही." आणि खिडकीकडे तोंड करून बसली.