पाय जोड, दौलतसिंह

सूर्याजीराव भापकरांचे पणजोबा दख्खनमधून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले. आजोबा पायदळात होते, वडील राजवाड्याच्या पहाऱ्यावर, आणि सूर्याजीराव महसूल खात्याच्या आस्थापना शाखेत. चार पिढ्यांत घराणं घोड्यावरून खुर्चीवर उतरलं, पण आवाज काही खाली आला नाही. कचेरीत त्या आवाजाला काम नव्हतं आणि घरात शालिनीताई होत्या. म्हणून तो सगळा हॉकीच्या मैदानावर खर्च होई.

महसूल इलेव्हन हा खात्यातल्या कारकुनांचा संघ. संस्थानाच्या काळात, एक्केचाळीस साली, त्यांनी दसरा करंडक जिंकला होता. त्या विजयाचा फोटो भापकरांच्या घरात देवघराच्या अगदी वर लावलेला होता. रोज सकाळी देवांना नमस्कार करताना सूर्याजीरावांची मान जरा जास्तच वर जाई, आणि नमस्कार नेमका कोणाला होतो हे शालिनीताईंनी फोटो लागल्यावर आठवड्याभरात ओळखलं होतं. फोटोत सूर्याजीराव नव्हते. स्टिक त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती. पण "आम्ही जिंकलो ते वर्ष" असंच ते म्हणत.

त्यानंतर महसूल इलेव्हन जिंकलंच नाही.

सूर्याजीराव त्याची कारणं देत, आणि ती दर मोसमात नवी असत. आधी संस्थान विलीन झालं. मग मध्य भारत झाला आणि सरकारने राजधानीचे दोन वाटे केले, हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. एप्रिल उजाडला की फायली गाठोड्यात बांधल्या जात, कारकून त्या गाठोड्यांबरोबर गाडीत चढत, आणि महसूल इलेव्हनचे पाच फॉरवर्ड इंदूरला पोहोचत. बॅक आणि हाफ इथे.

"आता सांगा, इथून मारलेला पास इंदूरला कसा पोहोचणार?" सूर्याजीराव जेवताना विचारत.

"रजिस्टर पोस्टाने पाठवा," शालिनीताई म्हणत, आणि आमटी वाढत.

गिरणीचा संघ मात्र बारा महिने एका जागी असे. गिरणीला दोन राजधान्या नव्हत्या. दर डिसेंबरात गिरणीवाले महसूल इलेव्हनला पाच गोल मारत, कधी सहा.

यातले निम्मे गोल सूर्याजीरावांच्या हिशेबाने एकट्या दौलतसिंहाचे. दौलतसिंह हा गोलकीपर, भिंडकडचा, सहा फूट उंच, नोंदणी शाखेत कारकून. माणूस धिप्पाड, पण उभा राहायचा पाय फाकून, आणि चेंडू दर वेळी त्या दोन पायांमधून असा निघून जायचा की जणू त्याच्यासाठीच दरवाजा उघडा ठेवलाय. गोलामागच्या दोरीला लागून सूर्याजीराव उभे राहत आणि ओरडत, "पाय जोड! अरे दौल्या, पाय जोड! म्हशी बांधायच्या आहेत का मध्ये?" ओरडणं मराठीत, म्हणजे पंचाला कळू नये. पंचाला कळत नसे, पण आठ वर्षं ऐकून ऐकून दौलतसिंहाला मराठी आलं. त्याला 'पाय जोड' येई, 'झोपलास का' येई, 'तुझ्यापेक्षा खांब बरा' येई. 'बसा', 'जेवलात का' असलं काही त्याला येत नसे. ते त्याला कोणी मराठीत कधी म्हटलंच नव्हतं.

सामना हरला की सूर्याजीराव घरी येऊन पुन्हा एकदा सगळा दौलतसिंह सांगत. हात धुताना पहिला गोल, ताटावर दुसरा, सुपारी कातरताना उरलेले. मुलगी विमल अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणे, "बाबा, रहने दो ना. कल फिर खेलना है बेचारे को."

छप्पन्न सालच्या पावसाळ्यात मध्य भारतही जाणार हे नक्की झालं. नवा मोठा प्रांत, राजधानी भोपाळ. कचेरीत तीन महिने काम असं झालंच नाही. कोण जाणार, कोण राहणार, भोपाळला क्वार्टर मिळतं की तंबू, एवढंच. शेवटी हुकूम आला. बहुतेक शाखा भोपाळला जातील. ग्वाल्हेरला एक लहान शाखा राहील, तिच्यात कारकुनांच्या अकरा जागा. प्रत्येकाने आपली इच्छा लिहून द्यावी, आणि आस्थापना शाखेने अकरा नावांची यादी साहेबांपुढे ठेवावी.

आस्थापना शाखा म्हणजे सूर्याजीराव. दर्जाने तेही साधे कारकूनच होते, पण बदल्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून जात, म्हणून सगळे त्यांना बडे बाबू म्हणत.

अकरा! सूर्याजीरावांनी तो आकडा तीनदा वाचला. राजधानी पळवणाऱ्यांत निदान एक तरी हॉकीवाला असणार, याबद्दल त्यांची खात्री झाली.

बाकीच्या सत्तर माणसांनी इच्छा लिहून दिलेले कागद त्यांनी नीट वाचले, वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावले. संघाच्या अकराजणांचे कागद मात्र त्यांनी न उघडताच सुतळीने बांधून ठेवले. महसूल इलेव्हन सोडून कोण कुठे जाईल? आपल्या मुलाला "तुला आमच्याच घरी राहायचंय ना?" असं कोणी विचारतं का?

यादी त्यांनी घरी आणून सुवाच्य अक्षरात उतरवली. शालिनीताई पोळ्या लाटता लाटता वाचून गेल्या. पहिलं नाव दौलतसिंह. मग दोन नावं. मग तीन. मग पाच.

"ही यादी ज्येष्ठतेने नाही लावलेली," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे ती."

"पहिला गोलकीपर, मग दोन बॅक. हा शेवटचा लेफ्ट आउट ना, तो तुमचा लंगडणारा?"

सूर्याजीरावांनी यादी जरा आपल्याकडे ओढली.

"आणि तुम्ही कुठे आहात यात?"

"मी कुठे खेळतो?" सूर्याजीराव म्हणाले.

शालिनीताईंनी लाटणं खाली ठेवलं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाकडे पाहिलं. अकरा वर्षं त्यांनी चौकातल्या हौदावरून पाणी भरलं होतं. अर्ज, चकरा, मिस्त्रीची मनधरणी, असं सगळं करून गेल्या दसऱ्याला तो नळ घरात आला होता. विमलचं मॅट्रिकचं वर्ष होतं. आणि हा माणूस अकरा जणांना ग्वाल्हेरमध्ये ठेवून स्वतःच्या घराला भोपाळचं तिकीट काढत होता.

"दौलतसिंहाला काढा," त्या म्हणाल्या. "तिथे तुमचं नाव घाला."

"गोलकीपरला काढू?"

"आठ वर्षं या घरात दोन वेळा जेवणाबरोबर तुम्ही त्याला काढताय. खांब बरा म्हणता. मग ठेवा खांब."

"तो वाईट आहे गं," सूर्याजीराव कळवळून म्हणाले, "पण तो आपला वाईट आहे."

"आणि मी?"

सूर्याजीरावांनी यादीची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी यादी जशीच्या तशी साहेबांपुढे गेली. साहेब जबलपूरकडून नवेच आले होते आणि क्रिकेटवाले होते. त्यांनी अकरा नावं मोजली, बरोबर भरली, सही केली.

शनिवारी यादी फलकावर लागली. रविवारी सकाळी दौलतसिंह भापकरांच्या दारात उभा. हातात इमरतीचा पुडा, पण चेहरा पाच गोल खाल्ल्यासारखा.

"या बसा," शालिनीताई म्हणाल्या. तो एवढा दचकला की उंबऱ्याला अडखळला.

"बडे बाबू, ये क्या कर दिया आपने?" तो खाली बसत म्हणाला. "मैंने तो भोपाल लिखकर दिया था. घरवाली का मायका वहीं पास में है, सीहोर में. सास को लकवा मार गया है, देखनेवाला कोई नहीं. मैंने साफ लिखा था. आपने पढ़ा नहीं?"

सूर्याजीराव इमरतीच्या पुड्याच्या दोऱ्याकडे बघत राहिले. तशाच सुतळीने त्यांनी ते अकरा कागद बांधले होते.

"लिहिलं होतंस?"

"दो पन्ने लिखे थे, काकी," दौलतसिंहाने वरच्या कोर्टात दाद मागितली.

शालिनीताईंनी पदर खोचला. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि त्यातल्या बऱ्याचशा संध्याकाळी त्यांनी बदल्यांचे नियम ऐकण्यात घालवली होती. "एकाच दर्जाचे दोघं असले तर आपसात बदली होते ना? यांनी जायचं ठिकाण त्यांना, त्यांचं यांना? गेल्या वर्षी तुम्हीच दोन जणांची करून दिली होतीत. इंदूरवाल्यांची."

"होते," सूर्याजीराव बारीक आवाजात म्हणाले.

"विमल, कागद आण."

कागद आला. दौलतसिंहाने सांगायच्या आधीच सही केली, मोठी, फराटेदार. मग कागद सूर्याजीरावांपुढे आला आणि टाक त्यांच्या हातात तसाच राहिला. नळ, मॅट्रिक, घर, सगळं त्या एका सहीवर होतं, आणि ते त्यांना कळत होतं.

"पण गोलमध्ये कोण उभं राहणार?" ते म्हणाले.

"आप खड़े हो जाना, बाबा," विमल म्हणाली. "गोल तो वैसे भी होना ही है."

सूर्याजीरावांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते दौलतसिंहाकडे वळले. "दौलत, बघ, सासूचं आपण काही तरी करू. तिला इथे आणू. भोपाळला हॉकी तगडी असते, तिकडे तुला टीममध्ये घेईल का कोणी? इथे तू पहिल्या नावावर आहेस. पुढच्या डिसेंबरात गिरणीला—"

"बडे बाबू," दौलतसिंह म्हणाला. मग जमिनीकडे बघून म्हणाला, "सच कहूँ? सास तो है ही. पर वहाँ कोई मराठी नहीं बोलता."

शालिनीताईंना हसू येत होतं ते त्यांनी पदराने तोंड पुसून आत ढकललं, आणि नवऱ्याचा चेहरा पाहिल्यावर ते खरोखरच आत गेलं. भापकरांच्या चार पिढ्यांचा आवाज त्या क्षणी कुठे गेला ते कोणाला कळलं नाही. सूर्याजीरावांनी टाक बुडवला आणि सही केली. शाईचा डाग पडला तरी त्यांनी टिपकागद मागितला नाही.

हुकूम बदलून आला. यादीत पहिल्या जागेवरचं दौलतसिंहाचं नाव लाल शाईने खोडलं गेलं आणि तिथे लिहिलं गेलं, सूर्याजीराव भापकर. बाकीची दहा नावं क्रमाने तशीच होती. कागदावर का होईना, भापकर महसूल इलेव्हनच्या गोलमध्ये उभे राहिले.

मैदानावर त्या डिसेंबरात लेखा शाखेत उमेदवारी करणारा एक पोरगा गोलमध्ये उभा राहिला. गिरणीने आठ गोल मारले. सूर्याजीराव दोरीपाशी उभे होते, पण त्या मुलाला ते काही ओरडले नाहीत. हात धुताना ते फक्त एवढंच म्हणाले, "दौलतसिंह असता तर तिसरा अडवला असता." पुढच्या सामन्यानंतर म्हणाले, "दौलतसिंह असता तर तिसरा आणि पाचवा अडवला असता." होळीपर्यंत दौलतसिंहाने कधी गोल खाल्लाच नव्हता. शालिनीताईंनी त्याला पायांची आठवण करून दिली, तर ते म्हणाले, "उंच माणसाला पाय फाकावेच लागतात. तुला काय माहीत त्यातलं?"

त्यांनी भोपाळला दोन पत्रं टाकली. सासूची विचारपूस केली, उत्तरही आलं, सासू ठीक. हॉकीबद्दल दोघांनीही काही लिहिलं नाही.

सत्तावन्नच्या डिसेंबरात भोपाळच्या कचेरीवाल्यांचा संघ मैत्रीचा सामना खेळायला ग्वाल्हेरला आला, आणि त्यांच्या गोलमध्ये पॅड बांधून दौलतसिंह उभा होता. भोपाळने त्याला टीममध्ये घेतलं होतं. सूर्याजीराव सवयीने गोलामागच्या दोरीपाशी जायला निघाले आणि मैदानाच्या मध्यावर थबकले. महसूलचा गोल एका टोकाला होता, दौलतसिंह दुसऱ्या. विमल बरोबर होती. ती सांगते, बाबा दोन मिनिटं तसेच उभे राहिले आणि मग खाली मान घालून भोपाळच्या गोलामागे जाऊन उभे राहिले.

पहिल्या हाफमध्ये भोपाळचे तीन गोल झाले. मग बाजू बदलल्या, तसे सूर्याजीरावही दौलतसिंहाच्या मागोमाग दुसऱ्या टोकाला गेले. दुसऱ्या हाफमध्ये मात्र काय चमत्कार झाला कोण जाणे, तो लंगडणारा लेफ्ट आउट चेंडू घेऊन गोलपुढच्या डीमध्ये शिरला. त्याने मारला तो काही फटका नव्हता, चेंडू नुसता घरंगळत निघाला. दौलतसिंह उभा होता. पाय फाकून. चेंडू मधून गेला आणि फळीवर टकटक करून थांबला.

महसूल इलेव्हनचा त्या मोसमातला तो पहिला गोल. लोकांनी टोप्या उडवल्या. कचेरीतले शिपाईसुद्धा नाचले. आणि त्या सगळ्या कल्लोळाच्या वर, राजवाड्याच्या पहाऱ्यावरून आलेला तो आवाज वर्षभराची कसर काढत फुटला:

"पाय जोड! अरे दौल्या, पाय जोड रे! आता तरी!"

दौलतसिंह गर्रकन वळला. दोरीपलीकडे सूर्याजीराव लालबुंद होऊन उभे होते, स्वतःच्या संघाच्या गोलावर संतापलेले. दौलतसिंहाने त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे, आणि पॅडवर पॅड आपटून पाय जोडले. "जोडले, बडे बाबू!" तो मराठीत ओरडला. उरलेला सगळा वेळ तो तसाच उभा राहिला. महसूलला दुसरा गोल झाला नाही.

सूर्याजीराव घरी आले तेव्हा शालिनीताई शेंगा निवडत होत्या.

"हरले?"

"हरले. तीन-एक." सूर्याजीरावांनी कोट काढून खुंटीला लावला. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता इतका निवांत होता. "पण गोलकीपर चांगला होता."

"कोणाचा?" शालिनीताईंनी विचारलं.

सूर्याजीराव स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला, आणि बराच वेळ हात धूत राहिले.