गलांड्यांच्या पत्रिकेतली एकाहत्तर नावं

युसूफ वडगावात लग्न जमलं की पहिला निरोप भटजींना जातो आणि दुसरा जलालभाईंना. भटजी मुहूर्त काढून देतात आणि मोकळे होतात. जोखीम सगळी जलालभाईंच्या अंगावर. मुहूर्त चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही, तो तसाही दोन तास पुढं जातोच. पण पत्रिकेत चुलत्याच्या आधी पुतण्याचं नाव पडलं, तर चुलता मांडवात पाऊल ठेवत नाही.

जलालुद्दीन शेख, वय बासष्ट, बाजारपेठेतल्या ‘गौसिया प्रिंटर्स’चे मालक, कारागीर आणि झाडूवालेही. दुकानाला नाव बायकोचं दिलंय, त्यामुळं गौसियाभाभी घरी बसून दुकानावर हुकूम चालवतात. आठ बाय दहाची जागा, एक छपाईचं यंत्र, एक स्टूल, एक कॉम्प्युटर. घरात दखनी बोलायची आणि दुकानात मराठी, असा जलालभाईंचा नियम आहे. दुकानात पोटची पोरगी आली तरी तो मोडत नाही.

इकडची लग्नपत्रिका म्हणजे नुसतं बोलावणं नसतं. वर पुढाऱ्याचा फोटो, त्याच्या खाली जरा लहान आकारात देव, मग नवरानवरी, आणि मग नावांची फौज. स्वागतोत्सुक, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त भावकी. तळाला लहान लेकरांची ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ अशी लाडिक हाक, आणि त्या लेकरांपैकी निम्मी आता मिशा राखून ट्रॅक्टर चालवतात. पण एकदा आलेलं नाव काढायचं कुणी? काढलं की त्याची आई येऊन दुकानात बसते.

हे सगळं जलालभाई सांभाळत. कोणत्या घरात थोरला कोण, कोणते दोन साडू एका ओळीत चालत नाहीत, कुणाच्या नावापुढं ‘माजी सरपंच’ लावायचं आणि कुणाच्या नावापुढं ‘माजी’ शब्द चुकूनही येऊ द्यायचा नाही, हे त्यांना विचारावं लागत नसे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. स्टुलावर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकावंच लागे: “एकोणीस वर्षांत एक नाव चुकलं न्हाई.” ही त्यांची कमाई होती आणि तिचा त्यांना गर्व होता. का नसावा?

तीन वर्षांपूर्वी मात्र एक नाव त्यांना काढावं लागलं होतं. धोंडीराम गलांडे हे त्यांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. थोरला भाऊ बंकट आणि धोंडीराम यांच्यात विहिरीच्या पाइपलाइनवरून बिनसलं. बोलणं बंद झालं. धोंडीरामनं मुलाच्या लग्नाची पत्रिका करताना जलालभाईंच्या खुर्चीमागं उभं राहून सांगितलं, “स्वागतोत्सुकमधी दादाचं नाव हाय, ते काढ.” यादीत हे नाव सगळ्यांत पहिलं. ज्याचं नाव पहिलं, त्यानं मांडवाच्या दारात उभं राहायचं, व्याह्यांची गळाभेट घ्यायची. जलालभाईंनी एक बटण दाबलं आणि नाव गेलं. त्यांना वाईट वाटलं, पण बटण दाबायला वाईट वाटण्याइतका वेळ लागत नाही.

यंदा धोंडीरामच्या आरोहीचं लग्न ठरलं, परळीच्या घरी. तीन आठवड्यांवर तारीख. आणि नेमका त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बसला. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ यायची आणि तिथंच लुकलुकत राहायची. जलालभाईंनी मागून फुंकर मारून पाहिली, डब्यावर दोन चापट्या मारल्या, वायरी काढून परत लावल्या. शेवटी त्यांनी लेकीला फोन केला.

मुबश्शिरा केजला कॉम्प्युटरचे क्लास घेते. ती बुधवारी दुपारी आली, पर्स स्टुलावर ठेवली, पाच मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाली, “अब्बा, विंडो मारावी लागंल. ह्या वयाच्या मशीनला झेपंल अशी आणलीय पेनड्राइव्हमधी. पण सी ड्राइव्ह पुसला जाईल. तुमचं काम कुठं हाय?”

“डी मधी.”

“नक्की?”

“सी मधी मी कधी पायच ठेवला न्हाई,” जलालभाई म्हणाले.

आणि हे अक्षरशः खरं होतं. मशीन विकणाऱ्यानं एकोणीस वर्षांपूर्वी बजावलं होतं की सी हे मशीनचं घर, डी हे तुमचं. त्याच्या घरात जायचं नाही. जलालभाई परक्याच्या घरात न विचारता शिरणाऱ्यांतले नव्हते. म्हणून ते प्रत्येक पत्रिका पुढच्या पडद्यावर ठेवत, डोळ्यांसमोर. सगळा पडदा पत्रिकांनी भरला होता, मागचं गुलाबाचं चित्र कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. समोर ठेवलेलं ते आपलं, आपलं ते डी मधलं, असा त्यांचा सरळ हिशेब. पुढचा पडदाही सी च्याच घरातला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुबश्शिरानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते चिडले. “पोरी, तुझ्या जन्माआधीपासून अक्षरं जुळवायलोय मी. मार विंडो!”

तिनं मारली.

अडतीस टक्क्यांवर लाईट गेली. मुबश्शिरा केजचं भारनियमन डोक्यात धरून आली होती आणि वडगावचं बुधवारचं वेळापत्रक वेगळं होतं. यूपीएस केविलवाणं ओरडू लागलं. त्याची बॅटरी दहा मिनिटांची, तीही चांगल्या दिवसात. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी मेलेली. “मधीच बंद पडलं तर?” जलालभाईंनी विचारलं. “तर परत पहिल्यापासून, आन् मशीन उठंल का न्हाई सांगता येत न्हाई,” लेक म्हणाली. ह्या मशीनवर आरोहीची पत्रिका व्हायची होती.

तेवढ्यात धोंडीराम पत्रिकेचं सांगायला ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहिला. जलालभाईंनी मित्राकडं पाहिलंच नाही, ट्रॅक्टरच्या बॅटरीकडं पाहिलं. दोन वायरी बॅटरीवरून दारातून आत इन्व्हर्टरला आल्या आणि यूपीएस गप्प झालं. “इंजिन बंद करू नका, काका,” मुबश्शिरा म्हणाली. धोंडीराम सीटवर बसून रेस देत राहिला.

भर बाजारात उभा ट्रॅक्टर धडधडतोय म्हटल्यावर माणसं जमणारच.

“काय करायलेत वो?”

“विंडो मारायलेत.”

“ट्रॅक्टरला?”

“जलालभाईच्या कॉम्प्युटरला.”

समोरच्या चहावाल्या आसारामनं निरोप्याचं काम आपणहून अंगावर घेतलं. मुबश्शिरा आतून आकडा सांगायची आणि आसाराम बाहेर तो ओरडायचा. “साठ!” “एकाहत्तर!” मतमोजणीच्या दिवशी व्हावी तशी गर्दी झाली. ब्याण्णवला पडदा एकदम काळा झाला आणि बाहेर कुणीतरी म्हणालं, “पडलं!” धोंडीरामनं घाबरून इतकी रेस दिली की समोरच्या दुकानातली कोंबडी आडोशाला पळाली. पण ते मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा उठत होतं. निळा, स्वच्छ पडदा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आसारामनं सगळ्यांना चहा पाजला.

धोंडीराम खाली उतरला. “लई मोठं काम झालं बघ. आता आरोहीची पत्रिका काढ. पोराच्या लग्नातलीच ठेव, नवरानवरी आन् तारीख तेवढी बदल. वर पुढाऱ्याच्या जागी विजयसिंहदादाचा फोटो ठळक पाहिजे. परवा लागतेत.” आणि ट्रॅक्टर घेऊन तो गेला.

जलालभाई खुर्चीवर बसले. पडद्यावर कचऱ्याच्या टोपलीचं एक चित्र होतं. बाकी काही नाही.

“माझं सामान कुठं हाय?”

मुबश्शिरानं डी उघडला. त्यात दोनशे कव्वाल्या आणि भाच्याच्या खतन्याच्या कार्यक्रमाचे फोटो निघाले. पत्रिका ठेवायचात कुठं, हे मग तिनं विचारलं आणि त्यांनी समोरच्या रिकाम्या पडद्याकडं बोट दाखवलं. तिनं पुसलेलं परत आणायचे तिला येत होते तेवढे उपाय केले. सहा पत्रिका निघाल्या, उघडल्यावर सहाही अक्षरांऐवजी चौकोनांनी भरलेल्या. एकोणीस वर्षांच्या भावक्या गेल्या होत्या. जुन्या छापील नमुन्यांचा गठ्ठा दोन पावसाळ्यांपूर्वीच वाळवीनं खाल्ला होता, आणि तेव्हा जलालभाई म्हणाले होते, राहू दे, मशीनमधी हाय.

“धोंडीरामकाकांच्या घरी जुनी पत्रिका असंल. मागून आणू?”

“न्हाई,” जलालभाई म्हणाले. “गलांड्यांची यादी जलालकडून हरवली, हे संध्याकाळपर्यंत बारा गावांत होईल. आन् त्यांच्या घरी बसून यादी नव्यानं करायची म्हटली तर लग्न उरकंल पण यादी व्हायची न्हाई. तू बस. टाइप कर. मी सांगतो.”

ते उठले, टोपी सरळ केली, डोळे मिटले आणि आठ बाय दहाच्या दुकानात येरझाऱ्या घालू लागले. गलांड्यांचं पहिलं लग्न त्यांनी सतरा वर्षांपूर्वी छापलं होतं, तेव्हा प्रत्येक नाव त्यांनी स्वतः विचारून, समजून, अक्षर-अक्षर जुळवून घेतलं होतं. तीच यादी आता तोंडातून येऊ लागली.

“स्वागतोत्सुक. बंकट किसनराव गलांडे. मग धोंडीराम किसनराव. मग अजिनाथ, त्याच्या नावापुढं ‘सर’ लाव, तो शिपाई हाय पन शाळेत हाय. गहिनीनाथ आन् धुळाजीच्या मधी एक नाव पाहिजे, त्यांचं जमत न्हाई. मधी मामा घाल.”

वाचकांच्या ध्यानात आलं असेल. जलालभाईंच्या आलं नाही. नाव काढलं होतं ते बोटानं, डोक्यातून काढायचं राहून गेलं होतं. डोक्यात थोरला भाऊ थोरलाच होता. मुबश्शिराला गलांड्यांचं भांडण ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दीड तासानं एकाहत्तरावं नाव झालं तेव्हा जलालभाईंनी डोळे उघडले आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लेकीसाठी आसारामकडून भजी मागवली.

प्रूफ मोबाइलवर गेलं. धोंडीरामचा चष्मा घरी होता आणि तो शेतात. विजयसिंहदादाचा फोटो ठळक दिसला, तारीख कुणीतरी वाचून दाखवली. त्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. सहाशे पत्रिका छापल्या, नेल्या, हळदकुंकू लावून वाटल्या.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानात बंकट गलांडे आले. वय सत्तरीच्या आत-बाहेर, इस्त्रीचा सदरा, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पत्रिका. स्टुलावर बसले. पत्रिका पुढं केली.

“जलाल, सोयऱ्याच्या घरी ही बघितली. पैलं नाव माझं हाय. धोंडूनं सांगून टाकलं, का तू टाकलं?”

तीन वर्षांपूर्वीचं ते बटण जलालभाईंना आत्ता आठवलं. खरं सांगावं तर एकोणीस वर्षांची कमाई तिथंच संपत होती. ती गेली तरी एक वेळ चाललं असतं. पण समोरच्या म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला होता की ‘चूक झाली’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात. आणि खोटं बोलायचं तर धोंडीराम जिवंत होता.

“दादा, त्याचं काय झालं...” एवढं ते म्हणाले आणि बाहेर ट्रॅक्टर धडधडत येऊन थांबला.

“जलाल! बाहेर ये बे! तुझ्या बापानं टाकलतं का ते नाव? पावणे फोन करून इचारायलेत मला!” धोंडीराम ओरडत आत शिरला आणि भावाच्या गुडघ्याला त्याचा पाय लागला. तीन वर्षं गावात ते एकमेकांना पाहून रस्ता बदलत होते. पण आठ बाय दहाच्या दुकानात बदलायला रस्ता नसतो.

बंकटनं पिशवीत हात घातला आणि गुलाबी कापडाची घडी काढली. “काल केजला गेलतो. फेट्याचं आणलं. दारात उभं राहायचं तर बरं दिसलं पाहिजे.” मग त्यानं तशीच दुसरी घडी काढून मांडीवर ठेवली. “दोन घेतले. तुला असले कापडं निवडता येत न्हाईत.”

धोंडीराम त्या घडीकडं बघत राहिला. मग त्यानं भावाच्या हातातली पत्रिका घेतली, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून धरली, डोळे बारीक केले. जलालभाईंनी मनातल्या मनात जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हटल्या. धोंडीरामचा आवाज फुटला तेव्हा तो अर्ध्या बाजाराला ऐकू गेला.

“थोरल्या भावाचं नाव एवढ्या बारीक अक्षरात टाकतेत का बे? मानसाला दिसाया नको? तरी मी म्हनतो मला कावून दिसलं न्हाई!”

“जागा पुरली न्हाई, पाटील,” जलालभाई म्हणाले आणि टोपी काढून तिनंच डोळे पुसले.

मांडवाच्या दारात दोन गुलाबी फेटे उभे राहिले. गौसिया प्रिंटर्समध्ये नवी सिस्टिम अजून चालू आहे. मुबश्शिरानं शिकवल्यापासून जलालभाई प्रत्येक पत्रिका डी मध्ये ठेवतात आणि तरी एक समोर ठेवतात. फक्त गिऱ्हाइकाला ऐकवायचं वाक्य त्यांनी बदललंय. “एकोणीस वर्षांत एकच नाव चुकलं,” असं ते आता म्हणतात. कुणाचं, हे विचारलं तर सांगत नाहीत.