फडातली गोळी

काल शेजारच्या सुनेनं प्रवासात बाळ झोपून राहावं म्हणून त्याला खोकल्याचं औषध पाजायला घेतलं. तो गोडसर, उग्र वास आला आणि माझं डोकंच फिरलं. मी बाटली हिसकावून घेतली, पण मन केव्हाच कोपरगावकडच्या उसाच्या फडात जाऊन पोचलं होतं.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. मी दवाखान्यात नवीन नर्स होते. भर दुपारी पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांवर गेले, तर बैलगाडीखालच्या झोळीत सहा महिन्यांचं पोर निपचित पडलेलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, श्वास अगदी सावकाश. तोंडाला अफूचा कडवट वास येत होता.

आई कोयता टाकून धावत आली. मी तिच्यावर कडाडले, "अगं, अफूनं मेंदू सुस्त होतो, पोर श्वास घ्यायचं विसरतं! आई आहेस की वैरीण?"

ती रडत म्हणाली, "पोर रडलं की आमचं हात थांबत्यात, बाई. मुकादमच गोळ्या वाटतो समद्यास्नी."

तळपायावर टिचक्या मारत, हाका मारत आम्ही त्याला जागं ठेवलं. दिवस कलताना ते एकदाचं रडलं. बांधावरून मुकादम ओरडला, "गप करा त्याला!"

अडाणी बाईला चांगलं फैलावर घेतलं, असं तेव्हा वाटलं होतं. आज माझाच संताप येतो. आईला वैरीण म्हणाले, आणि निघताना मुकादमानं पुढे केलेला चहा त्यालाच 'साहेब, साहेब' करत पिऊन आले.