सोळाशे सहासष्ट साल आणि आमची मराठी शाळा

अमेरिकेत कॅरी गावातल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं बावीस आणि किस्से त्याच्या दुप्पट. चार बायका पार्किंग लॉटमध्ये भेटल्या की एक जण "तुला ते आठवतं का" म्हणते, आणि मग डिकीतलं आईस्क्रीम वितळेपर्यंत कुणी हलत नाही. यंदाचे किस्से तर सगळे एकाच सालाचे आहेत.

दर वर्षी आम्ही इतिहासातलं एक साल निवडतो आणि त्या सालात जगात काय काय घडलं ते मुलांकडून स्टेजवर करून घेतो. यंदा १६६६ निघालं. महाराजांची आग्र्याहून सुटका, लंडनची मोठी आग, न्यूटनचे शोध, शाहजहानचा मृत्यू. यादी वाचून नागपूरचा नितीन म्हणाला, "एका वर्षात एवढं उरकलं लोकांनी? आमचं सॉफ्टवेअरचं एक रिलीज होत नाही यार."

आग्र्याची गोष्ट सांगणार होते आप्पा. आप्पा म्हणजे आमच्या चौघींतल्या मंजिरीचे सासरे, सांगलीकडे हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. मागच्या वर्षीही ते इथे होते आणि बोलायला उभे राहिले होते. त्यांचं पुस्तकी मराठी मुलांना कळेना. एकेक पोर पाणी प्यायला म्हणून उठलं ते परत आलंच नाही. शेवटी समोर आम्ही बायकाच उरलो. यंदा आप्पांनी मंजिरीला सांगून टाकलं होतं, की पोरं पुन्हा उठून गेली तर यापुढे मी कुठेच बोलणार नाही. "वर्ग उठून गेला की मास्तरनं समजावं, आपलं शिकवणं संपलं."

तेव्हापासून मंजिरीला घोर, आणि तिच्यामुळे आम्हाला.

*

न्यूटन झाली होती इरा, वय वर्षं दहा. तिच्या कोटाचं माप घेताना मी तिला सांगितलं, की तेव्हा प्लेगमुळे युनिव्हर्सिटी बंद होती, म्हणून तो घरी जाऊन राहिला आणि मोठे शोध तिथेच लागले.

"सो ही वॉज रिमोट," इरा म्हणाली.

तिच्या बाबांना त्याच आठवड्यात ईमेल आला होता, की आता पाचही दिवस ऑफिसला यायचं. त्यांनी भिंतीवरचा न्यूटनच्या माहितीचा तक्ता दोनदा वाचला आणि फोटो काढून घेतला. मॅनेजरला पाठवला की नाही ते विचारायचं धाडस मला झालं नाही. सोमवारपासून ते ऑफिसला जातात एवढं खरं.

*

लंडन मी खोक्यांचं केलं होतं. आग खरी वाटावी म्हणून नितीननं धुराचं मशीन भाड्यानं आणलं. रंगीत तालमीला ते सुरू केलं आणि हॉलचा फायर अलार्म वाजला. आम्ही सगळे बाहेर गवतावर. पाच मिनिटांत बंब हजर. त्यातला उंच फायरमन उतरला आणि काय जळतंय म्हणून विचारू लागला. पुढे सहा वर्षांचा अथर्व उभा होता.

"लंडन," अथर्व म्हणाला.

तो माणूस आत जाऊन सगळीकडे बघून आला आणि टोपी काढून मला म्हणाला, "मॅम, लंडन इज सेफ."

मशीन कॅन्सल केलं. मुलांनी लाल ओढण्या हलवल्या.

*

हाच अथर्व शाहजहान होता. त्याच्या आईचं म्हणणं, मुलानं स्टेजवर मरायचं नाही, कारण पुण्याहून आजी व्हिडिओ कॉलवर बघणार. मग असं ठरलं की बादशहा नुसते डोळे मिटून पडतील आणि 'मेले' हा शब्द कुणीच उच्चारायचा नाही.

कार्यक्रमात तो छान पडला. टाळ्या झाल्या. मग उठून बसला आणि फोनकडे बघून म्हणाला, "आजी, आय ॲम डेड. बट डोन्ट टेल मॉम."

*

सगळ्यात शेवटी आप्पा. शेजारच्या खोलीत पावभाजी गरम होत होती आणि वास थेट हॉलमध्ये. आप्पांनी सुरुवात केली तेवढ्यात मागची दोन मुलं उठली. आप्पांनी ते पाहिलं. हातातले कागद खाली ठेवले आणि नितीनला बोलावलं. रात्रभर रिलीज करून आलेला नितीन. त्याला बाकावर झोपवलं, स्वतःची शाल तोंडावरून घातली आणि त्याचा एक हात बाहेर काढून ठेवला.

"हे हिरोजी. महाराजांच्या जागी झोपलेत. बोटात महाराजांची अंगठी. दाराबाहेर पहारा."

उठलेली दोन मुलं खाली बसली.

आप्पा पुढे अशीच छोटी वाक्यं बोलत गेले. महाराज आजारी आहेत असं सांगितलंय. रोज मिठाईचे पेटारे बाहेर जातात. पहारेकरी उघडून बघतात. मग बघायचा कंटाळा करतात. आणि एके दिवशी महाराज निसटतात.

"पण आजोबा," इरानं मराठीत विचारलं, "हिरोजीकाका कसे बाहेर आले?"

आप्पांनी आवाज खाली आणला. "ते उठले. कपडे केले. पहारेकऱ्यांना म्हणाले, महाराजांचं डोकं दुखतंय, कुणी आवाज करू नका. आणि चालत निघून गेले."

बाकावर नितीन खरंच झोपला होता. शाल वरखाली होत होती. मुलं त्याच्याकडे बघत राहिली. मग इरानं बूट काढून हातात घेतले आणि तोंडावर बोट ठेवून उठली. तिच्यामागे अथर्व. त्याच्यामागे सगळी. बूट हातात, चवड्यांवर, एका रांगेत बाकाजवळून दाराबाहेर. लाकडी जमीन कुठे करकरली नाही.

हॉलमध्ये एकही मूल उरलं नाही. मंजिरी पांढरीफटक. त्यांना परत आणायला ती खुर्चीवरून उठली.

आप्पांनी हातानंच तिला थांबवलं.

"बस मंजिरी," ते हळूच म्हणाले. "महाराजांचं डोकं दुखतंय."