पडद्यामागून पाहिलेली शेळी

मंडळी, आज दुपारी जेवण झाल्यावर मोबाईल चाळताना मला पन्नास वर्षांपूर्वीची एक शेळी सापडली.

सत्तरच्या दशकात आमच्या न्हावऱ्यात सरकारी प्रचाराची गाडी यायची आणि शाळेपुढं पडदा बांधून सिनेमे दाखवायची. सुरुवातीला या शेळीचं छोटं कार्टून असायचं. शेळी सरपंचाची छत्री खाते, मग पागोटं, शेवटी तिला बांधायला आणलेलं दावंही खाते. शब्द एक नाही, तरी हसून पोट दुखायचं. आता त्याचं कुणी नावही काढत नाही.

पण आज लावलं आणि हसूच येईना. शेळी उलट्या बाजूला पळत होती.

मग ध्यानात आलं. पुरुष पडद्यापुढं बसायचे, आम्ही बाया पडद्याच्या मागं. आम्हाला डावं ते उजवं दिसायचं. माझी नणंद कुसुम तोंडात पदर कोंबून हसायची, आणि घरी जाताना म्हणायची, "वैनी, एकदा तरी फुडून बघायचं हाय."

मी मोबाईल कपाटाच्या आरशाकडं तोंड करून धरला. आता शेळी बरोबर पळाली. मी खळखळून हसले आणि सवयीनं शेजारी कोपर मारलं. ते कपाटावर आपटलं.

कुसुमला जाऊन दोन वर्षं झाली. पुढून बघायचं तिचं राहूनच गेलं. मी आज बघितलं. तिला सांगायचं होतं की आपलीच बाजू बरी होती.

पडद्यामागं बसलेलं तुमच्यात कुणी आहे का? असाल तर सांगा, छत्री खाल्ल्यावर शेळी कुठल्या बाजूला पळाली?